वाचलेले जाते कोठे?



वैशाखाच्या या उकाड्यात घरची अंगणे, गच्च्या आणि माठातले वाळ्याचे पाणी सोडून आपण एवढ्या संख्येने येथे येऊन बसला आहात, याबद्दल प्रथम आपलेच आभार मानले पाहिजेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून आमच्याकडे उन्हाळा म्हटला की आंबे, लग्ने आणि व्याख्याने हे ठरूनच गेले आहे. पहिल्या दोहोंचा लाभ कोणाला होतो हे सांगावयास नको. तिसऱ्याचा कोणाला होतो, हे मात्र एकदा तपासून पाहावयास हवे, आणि आजच्या भाषणाचा विषय त्याच्या अगदी लगतचा आहे.

चालकांनी पत्रिकेत ‘वाचनातून आत्मविकास’ असा भारदस्त मथळा छापला आहे. तो वाचून आम्ही थोडे दचकलो. आत्म्याचा विकास कसा करावा हे सांगण्याचा अधिकार संतांचा. आमचा अधिकार फार तर पुस्तकांच्या कपाटापुरता आणि कागदांच्या ट्रंकेपुरता. म्हणून चालकांची क्षमा मागून आम्ही विषय लहान करून घेतला आहे. माणूस जन्मभर वाचतो. ते वाचलेले जाते कोठे? एवढाच आमचा प्रश्न आहे.

येथे येताना वाटेत आम्ही स्वतःचीच परीक्षा घेऊन पाहिली. गतवर्षी याच मंडपात, तिसऱ्या रांगेत बसून, आम्ही एका विद्वानांचे सव्वा तासाचे व्याख्यान ऐकले होते. घरी जाताना ‘काय सुंदर बोलले!’ असे शेजाऱ्यांना दोनदा सांगितलेही होते. आज त्यातले काय आठवते? वक्त्यांच्या हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला कलंडला आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांचे धोतर भिजले, एवढे स्पष्ट आठवते. बाकी सारे धूसर. आपल्यापैकी कोणाला अधिक आठवत असेल तर भाषणानंतर अवश्य सांगावे. आम्ही ते लिहून घेऊ.

यात लाज वाटण्याजोगे काही नाही, असे एका जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांवरून दिसते. हेर्मान एबिंगहाउस हे त्याचे नाव. त्याने प्रयोगासाठी दुसऱ्या कोणाला वेठीस धरले नाही, स्वतःलाच धरले. ज्यांना काही अर्थ नाही अशा अक्षरगटांच्या मालिका त्याने तयार केल्या, त्या पाठ केल्या आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करताना पूर्वीच्या श्रमांपैकी किती वाचतात ते मोजले. १८८५ साली त्याने हे सारे प्रसिद्ध केले. एका तासानंतर पाहावे तो निम्म्याहून कमी, शेकडा ४४ च्या आसपास श्रम वाचत. एका दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश. आणि महिन्यानंतर सुमारे एकपंचमांश. म्हणजे विसरण्याची सारी घाई पहिल्या काही तासांतच असते. पुढे ती गाडी मंदावते.

अर्थहीन अक्षरांचे जे होते ते अर्थपूर्ण पुस्तकाचे तितक्याच झपाट्याने होत नाही, हे खरे. पण दिशा तीच. आणि त्याने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे, ती आम्हांस फार मोलाची वाटते. एका बैठकीत ६८ वेळा घोकून जेवढा परिणाम साधला, जवळजवळ तेवढाच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधला. आमच्या पाठशाळांतून संथा दिल्यावर आवर्तने करून घेण्याची जी रीत होती, ती घालणाऱ्यांनी कोष्टके मांडली नसतील, पण माणसाचे मन कसे चालते हे त्यांनी ओळखले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफी पिऊन जागणाऱ्या आमच्या नातवंडांना मात्र ना पाठशाळा पटते ना जर्मन शास्त्रज्ञ. असो.

आता थोडी घरची गोष्ट सांगतो. तिच्यात आमची शोभा नाही, पण या विषयावर बोलावयास आम्ही उभे का राहिलो, हे तिच्यावाचून कळणार नाही.

१९८२ साली आमच्या वडिलांनी गावातल्या एका लहानशा पतसंस्थेचे कर्ज फेडले. २,२०० रुपयांचा शेवटचा हप्ता भरून ते उन्हातून घरी आले, पावती आमच्या हातात दिली आणि ‘नीट ठेव’ म्हणाले. आम्ही त्या वेळी बाविशीत होतो आणि ओसरीवर पालथे पडून एक जाडजूड ग्रंथ वाचत होतो. ग्रंथ थोर होता. आमच्या वयाच्या मुलाने तो वाचावा याचे गावात कौतुकही होत होते, आणि खरे सांगावयाचे तर त्या कौतुकासाठीच आम्ही तो वाचत होतो. आम्ही पावती घेतली आणि ‘ठेवली’ म्हणालो.

पुढच्या वर्षी वडील गेले. १९८४ साली संस्थेची नोटीस आली की शेवटचा हप्ता बाकी आहे. त्यांच्या खतावणीत नोंद नव्हती आणि आमच्याजवळ पावती नव्हती. दोन ट्रंका, एक पेटी आणि देवघरातला फडताळाचा कप्पा आम्ही उलटापालटा केला. लग्नपत्रिका, जुनी पंचांगे, कोणाच्या तरी घराचा नकाशा, सारे काही निघाले. पावती तेवढी निघेना. शेवटी आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. तोंडाने ती एक शब्द बोलली नाही.

१९९१ साली दिवाळीपूर्वी घराला सफेदी करताना माळ्यावरून पुस्तके खाली काढली, त्यात तो ग्रंथ निघाला. ४३ व्या पानात पावती होती. खूण म्हणून घातलेली. संस्था तोवर मोडून गेली होती, तेव्हा कोणाशी भांडण्याचाही प्रश्न उरला नव्हता. आम्ही पावती नेऊन आईपुढे धरली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, “मग, पुस्तक वाचून झालं का तुझं?”

श्रोतेहो, ते झाले नव्हते. ४३ व्या पानाच्या पुढे आम्ही गेलोच नव्हतो. म्हणजे पाटल्याही गेल्या आणि ग्रंथही गेला. आमची अव्यवस्था आणि आमचे दिखाऊ वाचन हे दोन निरनिराळे दोष आहेत असे आम्ही तोवर समजत होतो. एकाच पानात ते दोन्ही सापडले, तेव्हा आम्ही या विषयाचा विचार करू लागलो.

पहिला उपाय सुचला तो कोणत्याही ग्रंथात नव्हे, तर आमच्या पेठेतल्या एका किराणा दुकानदाराकडे. जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणारी माणसे आता थोडी उरली आहेत, पण आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी त्या लांबट लाल वह्या पाहिल्या असतील. एक वही रोजकीर्द. दिवसभरात जे जे घडेल ते घडेल त्या क्रमाने तिच्यात उतरावयाचे, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दुसरी वही खतावणी. कीर्दीतली रक्कम उचलून ती ज्याच्या त्याच्या खात्यात चढवावयाची आणि शेजारी कीर्दीचे पान घालावयाचे. कीर्द म्हणते, अमुक दिवशी काय काय झाले. खतावणी म्हणते, अमक्याचे आपल्याकडे काय आहे. नुसती कीर्द ठेवली तर गोविंदरावांची बाकी शोधण्यासाठी वर्षभराची पाने चाळावी लागतील. नुसती खतावणी ठेवावी म्हटले तर गिऱ्हाईक पुढे उभे असताना खाते काढून बसण्यास सवड नसते. म्हणून दोन्ही हव्यात. आणि रात्री शिल्लक जुळल्यावाचून तो गृहस्थ दिवा मालवीत नसे.

आमच्या मनात आले, आपले वाचन म्हणजे नुसती गल्ल्यात पडणारी नाणी. कीर्द नाही, खतावणी नाही; मग बाकी निघावी कशी? तेव्हापासून आम्ही दोन वह्या केल्या. पहिलीत वाचता वाचता, किंवा पुस्तक मिटल्यावर तासाच्या आत, तारीख घालून लिहावयाचे: पुस्तकाचे नाव, पान आणि आपल्याला काय कळले ते आपल्या शब्दांत. लेखकाचे शब्द उतरून घेणे सोपे असते, म्हणूनच ते टाळावे. हात लिहितो आणि डोके झोपते. दोन ओळी पुरतात. मग रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, आठवड्याची कीर्द खतावणीत चढवावयाची. आमच्या खतावणीत ‘पाणी’, ‘मुलांचे शिक्षण’, ‘म्हातारपण’, ‘पेशवाई’, ‘आहार’ अशी खाती आहेत. ‘तत्त्वज्ञान’ असेही एक खाते उघडले होते. त्यात सहा वर्षांत तीन नोंदी झाल्या, म्हणून ते बंद केले. आपल्याला कशाची आवड आहे याविषयी आपण बाळगलेले गोड गैरसमज खतावणी फार लवकर दूर करते.

आजकाल खिशातल्या फोनने पानाचे छायाचित्र घेण्याची सोय झाली आहे. सोय उत्तम आहे. पण तीही कीर्दच. चार हजार छायाचित्रे साठवून ठेवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना त्यातले एक शोधून दाखवा म्हटले, तर त्यांना ते चार दिवस सापडले नाही. खतावणी कोणीतरी बसून करावीच लागते, मग ती कागदावर असो की यंत्रात.

ही कारकुनी विद्वानांना शोभत नाही असे कोणास वाटत असेल, तर त्यांनी चार्ल्स डार्विनकडे पाहावे. त्याने आत्मचरित्रात आपली पद्धत सांगितली आहे. तीस ते चाळीस मोठी पाकिटे, ती ठेवावयास चिठ्ठ्या लावलेल्या फळ्यांची कपाटे. सुटे टिपण निघाले की ज्याच्या त्याच्या पाकिटात. विकत घेतलेल्या पुस्तकाच्या शेवटी तो आपल्या कामाच्या गोष्टींची सूची स्वतःच लिहीत असे, आणि नव्या विषयाला हात घालण्यापूर्वी त्या साऱ्या सूची पुढे घेऊन बसे. त्याच्या मुलाने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे: पुस्तक हाताला जड झाले तर डार्विन ते सरळ मधोमध कापून दोन तुकडे करी! पुस्तक हे त्याला पूजेचे नव्हे, वापराचे साधन होते. पण आपण हा प्रयोग ग्रंथालयाच्या पुस्तकावर करू नये. ग्रंथालयाच्या पुस्तकांत समासावर ‘अगदी खरे!’ किंवा ‘लेखक मूर्ख आहे’ असे लिहिणारे वाचक आमच्या गावात आहेत, त्यांपैकी दोघे या क्षणी या मंडपातही आहेत. त्यांचे हस्ताक्षर आम्ही ओळखतो.

आणि इतके दूर जाण्याचे तरी काय कारण? रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या चाकरीत रुजू झाले. काम काय, तर महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे आणि पुढे राजपुत्रांना शिकवावयाचे. असे काम पुष्कळांनी केले असेल आणि महिनाअखेर पगार घेतला असेल. सरदेसायांनी वाचता वाचता, शिकवता शिकवता टिपणे केली. त्या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ बाहेर पडली आणि पुढे मराठी रियासतीचे खंडामागून खंड आले. पुढे पासष्टीच्या घरात, माणसे जेव्हा नातवाला घेऊन देवळाच्या पायरीवर बसतात त्या वयात, हा गृहस्थ पुण्याच्या पेशवे दप्तरात जाऊन बसला. तेथे कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणि असे हजारो रुमाल. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड सरदेसायांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. आम्ही ते खंड पहिल्यांदा हाती घेतले, तेव्हा इतिहासाआधी मनात आली ती एक क्षुल्लक गोष्ट. दीडदोनशे वर्षांपूर्वी कोणा अज्ञात कारकुनाने कागदावर तारीख घातली नसती, तर यातले निम्मे मुके राहिले असते. तेव्हापासून आम्ही दुधाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरसुद्धा सालासकट तारीख घालतो. घरात यावरून थट्टा होते, ती आम्ही सहन करतो.

वाचावे आणि टिपावे इतके झाले. पण वाचलेल्याचा उपयोग विचाराला व्हावा, आणि विचार म्हणजे डोके धरून बसणे नव्हे. सुताराला रंधा लागतो तशी विचारालाही काही लहानसहान अवजारे लागतात. त्यांतली दोन आम्ही वापरली आहेत, तेवढीच सांगतो.

पहिले बेंजामिन फ्रँकलिनचे. १७७२ साली तो लंडनमध्ये होता. त्याचा मित्र जोसेफ प्रीस्टली लीड्स गावी धर्मोपदेशक होता. लॉर्ड शेलबर्न या धनिक सरदाराने त्याला आपल्याकडे ग्रंथपाल म्हणून बोलावले. जावे की न जावे, अशा पेचात सापडलेल्या प्रीस्टलीने फ्रँकलिनचा सल्ला मागितला. फ्रँकलिनचे उत्तर मासलेवाईक आहे. काय करावे हे तो सांगत नाही, कसे ठरवावे ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ ओढून दोन रकाने करावेत, एक अनुकूल, एक प्रतिकूल. तीनचार दिवस, जसजशी सुचतील तशी, दोन्हीकडची कारणे त्यांत लिहावीत. मग तोल पाहावा. इकडचे एक कारण तिकडच्या एका कारणाच्या वजनाचे दिसले तर दोन्ही खोडावीत. इकडच्या एकाबरोबर तिकडची दोन तुल्य वाटली तर तिन्ही खोडावीत. शेवटी उरते ते पाहावे, आणखी एकदोन दिवस थांबावे आणि नवे काही सुचले नाही तर निर्णय करावा. कारणांचे वजन बीजगणितासारखे काटेकोर करता येत नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. पण सारी कारणे एकदम डोळ्यांपुढे असली म्हणजे घाईचे पाऊल पडत नाही, असा त्याचा अनुभव. प्रीस्टलीने ती जागा पत्करली, आणि शेलबर्नच्याच आश्रयाला असताना, ऑगस्ट १७७४ मध्ये, भिंगाने पाऱ्याचे भस्म तापवून त्याने तो वायू मिळवला ज्याला आपण आज ऑक्सिजन म्हणतो.

या युक्तीतले मर्म ‘तीनचार दिवस’ या शब्दांत आहे, असे आम्हांस वाटते. अनुकूल कारणे सकाळी सुचतात, प्रतिकूल रात्री. एका बैठकीत आखलेला कागद म्हणजे त्या वेळच्या मनःस्थितीचे छायाचित्र.

२००३ साली गावचे घर विकावे की ठेवावे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. गिऱ्हाईक चांगले होते आणि शहरात दोन खोल्या घेता आल्या असत्या. आम्ही फ्रँकलिनसाहेबांच्या आज्ञेप्रमाणे कागद आखला. ‘विकावे’ या बाजूला नऊ कारणे झाली: गळके छप्पर, जाण्यायेण्याचा खर्च, मुलांचे कॉलेज, आणि काय काय. ‘ठेवावे’ या बाजूला चारच. खोडाखोड करता करता शेवटी ‘विकावे’ बाजूची दोन कारणे उरली. हिशेब स्पष्ट होता. पण तिसऱ्या दिवशी कागद पुन्हा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. डावीकडची नऊही कारणे आमची होती. उजवीकडची चारही आईची होती. आम्ही आमच्या मापाने तिची कारणे तोलली होती आणि खोडली होती! तेव्हा तोच कागद तिच्यापुढे ठेवला. तिला अक्षरओळख होती. तिने चष्मा लावून तो वाचला आणि ‘ठेवावे’च्या खाली पाचवे कारण घातले: ‘विहीर’. एवढेच. आम्हांला ते सुचले नसते आणि आजही त्याचे वजन करता येत नाही. घर तिच्या हयातीत विकले नाही. पैशाच्या दृष्टीने आमचे नुकसान झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे, नाहीतर जमाखर्च खोटा ठरेल.

दुसरे अवजार पुन्हा डार्विनचे. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी हकीकत, निरीक्षण किंवा कल्पना समोर आली की ती तो ताबडतोब लिहून ठेवी. कारण, तो सांगतो, अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मृतीतून फार लवकर निसटतात. हे वाचले आणि आम्ही आमच्या खतावणीत प्रत्येक खात्याच्या उजव्या पानावर ‘विरुद्ध’ असा मथळा घातला. कितीतरी खात्यांत ती पाने कोरीच राहिली. वाचताना जे आपल्याला पटते तेच आपण टिपतो, आणि मग आपल्याला जे पटते त्याला केवढा आधार आहे असे म्हणून खूश होतो. आहाराच्या खात्यात गुळाची स्तुती दोन पाने भरली होती. ‘विरुद्ध’ पानावर पहिली नोंद आमच्या डॉक्टरांनी करावयास लावली.

आता व्यवस्थितपणाविषयी. येथे मात्र आम्ही भीत भीत बोलतो, कारण खुद्द फ्रँकलिन या परीक्षेत नापास झाला होता. तरुणपणी त्याने तेरा सद्गुणांची यादी केली आणि एक लहानशी वही आखली. सात दिवसांचे सात रकाने, तेरा गुणांच्या तेरा ओळी, चूक झाली की काळा ठिपका. दर आठवड्यास एका गुणावर विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. तेरांपैकी ज्या गुणाने त्याला सर्वांत अधिक छळले तो ‘सुव्यवस्था’: प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला वेळ. म्हातारपणीही तो त्यास साधला नाही. त्यावर त्याने एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगितली आहे. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखेच तिचे सारे अंग चकचकीत करून मागितले. लोहार म्हणाला, करतो, पण चाक तू फिरव. फिरवून फिरवून गृहस्थ दमला आणि म्हणाला, राहू द्या, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच जास्त आवडते!

आपण पाडव्याला वेळापत्रके करतो तेव्हा असेच साऱ्या अंगाला चकाकी आणू पाहतो. पहाटे साडेचार ते पाच ध्यान, पाच ते सहा वाचन. अष्टमीपर्यंत ते भिंतीवर असते, रामनवमीला त्यावर कॅलेंडर येते. आम्ही धारेपुरतेच घासावयाचे ठरवले. पैशाचा प्रत्येक कागद एका डब्यात, दुसरीकडे कोठेही नाही. हातातला कागद ‘तात्पुरता’ कोठेही ठेवावयाचा नाही. तात्पुरता हा शब्दच आम्ही घरातून हद्दपार केला आहे. आणि पुस्तकात खूण घालावयाची ती कोऱ्या कागदाच्या पट्टीची. बाकी आमच्या टेबलाकडे आपण न आलेले बरे. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, पानाच्या चहूंकडे जागा सोडावी, इतक्या बारकाव्यात ते शिरतात. मोठ्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला समासाची रुंदी क्षुल्लक वाटली नाही, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

वेळाविषयी उपदेश करण्याऐवजी एक हिशेब मांडतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा त्यांचे वय पन्नास, आणि अखेरचा १९६२ साली निघाला तेव्हा ब्याऐंशी. एकूण पाने साडेसहा हजारांहून अधिक. बत्तीस वर्षांचे दिवस होतात सुमारे ११,७००. भागाकार करून पाहा: दिवसाला जेमतेम अर्धे पान! अर्थात त्या अर्ध्या पानामागे किती वाचन होते हे भागाकारात दिसत नाही. पण अर्ध्या पानाने ब्याऐंशीव्या वर्षी काय उभे राहिले ते दिसते.

आता तोच हिशेब आपल्याला लावू. रोज दहा पाने वाचली तर वर्षाला ३,६५० पाने, म्हणजे तीनशे पानांची बारा पुस्तके. तिसाव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत चाळीस वर्षे धरली तर ४८० पुस्तके. आम्ही हा गुणाकार प्रथम केला तेव्हा आकडा फार मोठा येईल अशी आमची कल्पना होती. ४८०! आपल्या नगर वाचनालयाच्या दाराशेजारचे एक कपाट. निष्ठेने, एक दिवस न चुकवता वाचणाऱ्या माणसाच्या आयुष्यात मावते ते इतकेच. आम्ही साठी ओलांडली आहे, तेव्हा आमच्या वाट्याचे कपाट रिकामे होत आले आहे. मग कौतुकासाठी हातात धरलेल्या पुस्तकाची किंमत कळते. न रुचलेले पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटून परत करण्याची लाज आम्हांस आता वाटत नाही. त्याच्याऐवजी दुसरे एक येते.

आणि कोणते यावे हे नेहमी आपले आपल्याला कळत नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले एक पुस्तक. त्याचे पुढे काय झाले ते नागपूरला १९५६ साली साऱ्या जगाने पाहिले. केळुसकरांनी त्या मुलाला शंभर पुस्तकांची यादी दिली नव्हती. आपल्या ग्रंथालयात खिडकीपाशी बसून ‘हे वाचा, तुम्हाला आवडेल’ म्हणणारा जो कर्मचारी असतो, त्याच्या पगाराचा प्रश्न वार्षिक सभेत निघतो तेव्हा आपल्यापैकी किती जण हजर असतात, हे चालकांना विचारून पाहावे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. आमच्या चिठ्ठीवरचे तीन मुद्दे राहून गेले. ते कीर्दीत आहेत, हरवणार नाहीत. ज्यांना हवे असतील त्यांनी घरी यावे, चहा मिळेल.

एकच सांगावयाचे राहिले. तो ग्रंथ आम्ही पुन्हा उघडला आहे. आई गेल्यावर उघडला, ४३ व्या पानापासून नव्हे, पहिल्यापासून. पूर्वी वाटला तितका तो अवघड नाही, आणि तितका थोरही नाही. काल रात्री २१२ वे पान झाले. खुणेला कोरी पट्टी आहे. पावती डब्यात ठेवली आहे. तिच्या मागच्या बाजूस आम्ही तारीख घातली आहे.